एकशे अठ्ठ्याऐंशी रत्तल

२ जानेवारी १९६१, सोमवार. सकाळ ७.१५

नवी वही. कचेरीतल्या जुन्या रजिस्टरची कोरी पानं शिवून घेतली. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. म्हणून सगळं खरं लिहायचं.

वजन : एकशे अठ्ठ्याऐंशी रत्तल. शनिवारी बंदरावरच्या मालाच्या काट्यावर घेतलं. माझ्या आधी काट्यावर सुक्या बांगड्यांचं पोतं होतं. पोतं हलकं निघालं. हमाल हसला. हसू दे.

उंची : पाच फूट चार इंच.

वय : बेचाळीस वर्षं, साडेसात महिने.

ही शेवटची ओळ महत्त्वाची. वडील त्रेचाळीस पूर्ण झाल्यावर अकराव्या दिवशी गेले. बाजारातून आले, घराच्या पायऱ्यांची घाटी चढले, ओसरीवर पिशवी ठेवली, पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत संपले होते. तेही असेच, भरदार. शनिवारी तीच घाटी चढताना माझ्या छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. तडक डॉक्टर वालावलकरांकडे. त्यांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं, म्हणाले, कांदळगावकर, हृदय अजून ठीक आहे, पण एका माणसाच्या हृदयावर तुम्ही दीड माणूस लादलाय. चाला. भात अर्धा करा. नारळ कमी करा.

मालवणात राहून नारळ कमी करा!

निश्चय : सतरा मेला मला त्रेचाळीस पूर्ण होतात. तोवर दीडशे रत्तल. म्हणजे अडतीस रत्तल उतरवायचे. महिन्याला साडेआठ. कारकुनाला हे गणित अवघड नाही.

घरात माणसं तीन. मी, सौ. आणि विमला (वय ११). दोघींना कार्यक्रमाची कल्पना दिली. पहाटे पाचला उठणे, व्यायाम, तेल लावून ऊन पाण्याची आंघोळ. उद्यापासून.

३ जानेवारी. सकाळ ८.०५

उशीर झाला. सौ.नं चारला, साडेचारला आणि पाचला उठवलं होतं म्हणे. पण हळू आवाजात. तिला म्हटलं, हाकेत जोर पाहिजे. म्हणाली, दम लागता. हाक मारायला कसला दम? आळस माणसाला असा वेगवेगळ्या रूपांत भेटतो.

आंघोळीचं पाणी दोनदा तापवून दोनदा निवलं. उद्या असं होता कामा नये.

६ जानेवारी, शुक्रवार. सकाळ ७.३०

धावलो! चिवल्याच्या किनाऱ्यावर. धोतराचा कासोटा घट्ट. सुरुवात झकास. वाळू थंड, वारा पाठीमागून. पहिल्या होडीपासून तिसऱ्या होडीपर्यंत पोचलो आणि डोळ्यांपुढे काजवे. तिसऱ्या होडीला धरून उभा राहिलो. होडीपलीकडे रापणीच्या जाळ्यातले मासे निवडत बायका बसल्या होत्या, हे धरल्यावर कळलं.

त्यात गोदूबाई. आमच्या शेजारची. मासे विकते, जीभ सुरीसारखी. म्हणाली, सायबानू, कोण पाठी लागलो काय? बाकीच्या हसल्या. मी म्हटलं, व्यायाम. ती म्हणाली, मगे ह्यो टोपलो उचला आणि बाजारात घेवन चला, व्यायामय होतलो आणि माझा कामय.

असल्या वातावरणात शास्त्रशुद्ध धावणं अशक्य. किनारा रद्द.

नाडी : मिनिटाला एकशे अठरा. अर्ध्या तासानं पुन्हा मोजली. एकशे चार. छातीच्या डाव्या बाजूला कळ, की उजव्या? नक्की सांगता येत नाही. वडिलांना कोणत्या बाजूला होती, विचारायला कोणी उरलेलं नाही.

११ जानेवारी, बुधवार

गुरू मिळाला. नाना हवालदार. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेत, वय एकसष्ट, सुपारीच्या झाडासारखे सरळ. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, सहदेवा, हे किल्ले आतून पाडायला लागतात. रोज वीस दंड, पन्नास बैठका. आमच्याच ओसरीवर, त्यांच्या नजरेखाली.

आज झालेले दंड : तीन. चौथ्याला खाली गेलो आणि खालीच राहिलो. नाना हिंदुस्थानीत ओरडत होते. मला उठायचं होतं. हातांना उठायचं नव्हतं.

श्वास घेऊ की मोजू असा पेच पडतो. मोजायचं काम सौ.कडे दिलं. ती खांबाला टेकून मोजते. टेकून का, तर उभं ऱ्हवाक जमत नाय. नानांनी तिच्याकडे एकदा रोखून बघितलं. शिस्त त्यांना आवडते, बहुतेक तेच मनात आलं असणार.

१४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ. तीळ औषधी. सोळा लाडू.

१९ जानेवारी, गुरुवार. दुपार, कचेरीत

आहाराबाबत मुंबईहून एक मासिक मागवलं होतं, आलं. चूक कळली. भात हा शत्रू. त्याऐवजी सकाळी दोन अंडी, अर्धा शेर दूध, चार खजूर. दुपारी उकडलेले मासे, तिखट-नारळ नाही. संध्याकाळी पुन्हा दूध. तक्ता करून चुलीवरच्या भिंतीला लावला.

सौ. म्हणाली, घरात कोंबड्या तीन, अंडी दोनच मिळतात. मी म्हटलं, दोनच हवीत. ती म्हणाली, दूध अर्धा शेरच येता. मी म्हटलं, संध्याकाळसाठी आणखी पावशेर लाव. दूधवाल्याची म्हैस आटलीय, जास्त मिळत नाही. मग तिनं आपणहून मार्ग काढला. स्वतः काळा चहा घेते. शाबास म्हटलं. घरातलं एक माणूस सुधारलं की दुसरं सुधारतंच.

भात उरतो तो ती आणि विमला पेज करून घेतात. वाया काही जात नाही.

२८ जानेवारी, शनिवार. सकाळ ११

काट्यावर गेलो. एकशे नव्वद.

पुन्हा चढलो. एकशे नव्वद.

कारणं : (१) त्या दिवशी चपला काढल्या होत्या की नाही, आठवत नाही. (२) काटा खाऱ्या हवेवर. (३) नाना म्हणतात स्नायू जड असतात. माझे दोन रत्तल स्नायू तयार झाले, हे उघड आहे. (४) अंडी, दूध, खजूर घेतल्यावर सवयीनं थोडा भातही जातो. थोडा म्हणजे पूर्वीइतकाच.

 साडेतीन महिने राहिले. काट्यावरून उतरताना हमालानं हात दिला. त्याचा हात सोडवेना. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

५ फेब्रुवारी, रविवार

आज एक गोष्ट पाहून मन कडू झालं. सौ. भाकरी थापत होती आणि तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. गेल्या वर्षी ह्याच बांगड्या कासाराला साबण लावून चढवाव्या लागल्या होत्या. म्हणजे ही उतरते आहे! दंड नाही, बैठक नाही, मासिक नाही. मी रक्त आटवतोय आणि बारीक होते ती.

स्पष्टच विचारलं, काय करतेस? म्हणाली, काय करतलंय? भूकच लागाना.

हेच! भूक मारणं. सगळं मर्म तिथं आहे, आणि हिला ते आयतं मिळालंय. काही लोकांचं नशीब.

रंगही उजळलाय तिचा. लग्नात सावळी होती, सासूबाई हळद लावून थकल्या होत्या. आता ओठांपर्यंत गोरी. तिला तसं म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, खरंच. तिनं भाकरी उलटली.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

काल महाशिवरात्र. कडक उपास. साबुदाणा दोन वेळा, रताळी, केळी, वऱ्याचे तांदूळ, नारळाच्या वड्या (उपासाला चालतात), दूध. रात्री पोट गच्च. सौ.नं निर्जळी केली आणि आज सकाळी पुन्हा पाणी भरायला गेली. मला ते जमलं असतं तर आज मी कुठे असतो!

तिला घाटीच्या बत्तीस पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागतं, असं विमलानं सांगितलं. मी तिला दीर्घश्वसन शिकवलं. नाकानं घ्यायचा, चार मोजायचे, सोडायचा. दोनपर्यंत पोचते आणि हसते. सराव नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

काट्यावर गेलो नाही. महिनाअखेरीला कचेरीत काम फार.

खरं लिहायचं ठरलंय. काम नव्हतं. बंदरापर्यंत जाऊन परत आलो.

४ मार्च, शनिवार. सकाळ

शिमग्यात रोंबाटाची मिरवणूक निघाली, नानांच्या आग्रहानं नाचलो. नाना म्हणाले, शंभर बैठकांचा फायदा. सहाव्या उडीला कमरेत काहीतरी कट्कन बोललं. तेव्हापासून आडवा. सौ. तीन वेळा तेल चोळते, विटकरी तापवून शेकते. तिचे हात बर्फासारखे आहेत, त्यामुळे शेक लागेपर्यंत वेळ जातो. सांगितलं, आधी हात शेकून घेत जा.

आडवं पडल्यावर विचार येतात. वडिलांचा विचार सर्वांत आधी. मग, मी गेलो तर ह्या दोघींचं कसं होणार. सौ.ला तसं बोललो. माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, असा बोला नको, तुमका काय होणा नाय. आणि उठताना भिंत धरून जरा वेळ तशीच उभी राहिली. माझ्या बोलण्यानं हलली असणार.

१८ मार्च, शनिवार. दुपार १२

हा दिवस विसरणार नाही.

कंबर बरी. धीर करून काट्यावर उभा राहिलो. हमालानं वजनं टाकली, मान वर करून म्हणाला, सत्त्याऐंशी.

सत्त्याऐंशी! एकशे नव्वदवरून सत्त्याऐंशी! मला तिथं काय झालं सांगता येत नाही. आकाशाकडे बघितलं. हमालाला मिठी मारली. मासिकाला, नानांना, दुधाला, सगळ्यांना मनातल्या मनात धन्यवाद दिले. घराकडे अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा पाय जड का वाटतात हा प्रश्न पडला.

काट्यावर किलोची नवी वजनं आली आहेत.

ह्या बदलाचा तक्ता मी स्वतः कचेरीच्या दारावर लावला आहे. त्याच्या शंभर प्रती मी काढल्यात. एक किलो म्हणजे दोन पूर्णांक दोन दशांश रत्तल. वाटेत उभ्याउभ्या गुणाकार केला. एकशे एक्क्याण्णव.

खाली धोंड्यावर बसलो. दोन महिने. दोनच महिने राहिले. काय करू? काय करू?

१९ मार्च, रविवार. पहाटे ५

आजपासून युद्ध. दंड दहा, बैठका तीस, सूर्यनमस्कार बारा, भात पूर्ण बंद. दिवसातून तीनदा गार पाण्यानं आंघोळ, चरबी गोठून गळते असं मासिकात आहे. पाणी जास्त लागेल. सौ.ला सांगितलं, चार कळश्या वाढव.

तिनं एवढंच विचारलं की चार रोज काय. रोज.

२३ मार्च, गुरुवार

सौ.ची पावलं भरली आहेत. घोट्यापाशी बोट दाबलं तर खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. चेहराही सकाळी सुजट दिसतो. म्हणजे तिचंही वजन वाढू लागलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू, जरा बरंही वाटलं. शेवटी पेज ती पेजच. भाताचाच प्रकार.

विमला म्हणाली, बाबा, आई चुलीतली माती काढून खाता. मी बघलंय. विचारलं तर सौ. लाजली. मी रागावलो नाही. बायकांना असल्या खोडी असतात. मातीनं वजन वाढतं का, हे मासिकात कुठेच दिलेलं नाही.

२९ मार्च, बुधवार

गोदूबाई मासे घेऊन आली. माझ्यासाठी उकडायला पेडवे ठेवले. मग ओसरीवर टोपली टेकवून मला म्हणाली, सायबानू, तुमच्या बायलेच्या तोंडाचो रंग बघलास? मी म्हटलं, बघितलाय, चांगली गोरी झालीय.

 गोदूबाई टोपली उचलून आत गेली. पेडव्यांतले दोन परत काढून सौ.च्या हातात दिले आणि सांगितलं, हे तू खा, माझ्यादेखत खा. परक्याच्या घरात जाऊन कोणी कोणते मासे खावेत हे ठरवणं मला पसंत नाही. सौ.नं ते संध्याकाळी मलाच वाढले. मी खाल्ले. तक्त्यात बसत होते.

५ एप्रिल, बुधवार. केव्हातरी

घडलं ते लिहितो.

सकाळी साडेसहाला बैठका चालू होत्या. मोजायला कोणी नव्हतं, सौ. विहिरीवर गेली होती. त्याचा राग आला होता. अकरा की बारा असं चाललं असताना विमला घाटीवरून ओरडत आली. आई पडली. बाबा, आई उठाना.

मी धावलो. किती, कसा, माहीत नाही. पायऱ्या दिसल्याच नाहीत. सौ. विहिरीच्या कट्ट्यापाशी कुशीवर पडली होती, कळशी गडगडत खाली गेलेली, पदर ओला. डोळे अर्धे उघडे. ओठ पांढरे. गोरे नाहीत. पांढरे. चुन्यासारखे.

उचललं. मला वाटलं होतं दोघं लागतील. एकट्यानं उचलली. मी, ज्याला स्वतःला उचलता येत नाही. तिच्यात वजनच नव्हतं. बत्तीस पायऱ्या चढलो आणि दम लागल्याचं आठवत नाही. गोदूबाई वरून धावत आली, म्हणाली, घरात खाटीर निजवा नको, डॉक्टराकडे चला. नानांनी भाड्याची बैलगाडी आणली.

डॉक्टरांनी पापणी ओढून बघितली. जीभ बघितली. नखं बघितली. बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला, तो पाणी घातलेल्या सोलांच्या कढीसारखा दिसला. त्यांच्या काट्यावर आम्ही दोघांनी धरून तिला उभी केली. चौतीस किलो, त्यात पायांतलं पाणी धरून.

म्हणाले, कांदळगावकर, पांडुरोग आहे. पोटात हूकवर्म, अनवाणी चालणाऱ्या बायकांत घरोघर असतो. पण इतका? अंगात रक्त असायला हवं त्याच्या पस्तीस टक्के राहिलंय. हृदय दमलंय. केव्हापासून हे असं?

मी म्हणालो, माहीत नाही. काल-परवापर्यंत चांगली होती.

काय खाते? म्हणाले.

तेही माहीत नव्हतं. गोदूबाई दारातून म्हणाली, पेज. ती बघणाऱ्याक दिसता.

हृदय दमलंय म्हणजे काय, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, म्हणजे आठ दिवस तिला खाली पाय टेकू द्यायचा नाही. आठ दिवस निभावले तर बघू.

६ एप्रिल

कचेरीत गेलो नाही. सौ. झोपली आहे. श्वास ऐकू येतो, जलद. मी तिची नाडी मोजली. एकशे वीस. आपली मोजायला विसरलो.

वही उघडली ती दुसरंच शोधायला. वाचत गेलो. ३ जानेवारी, दम लागता. ११ जानेवारी, खांबाला टेकून. १९ जानेवारी. ५ फेब्रुवारी. १४. २३ मार्च, मातीसुद्धा.

केव्हापासून, ते मला माहीत होतं. तारीखवार लिहून ठेवलं होतं. माझ्या अक्षरात.

८ एप्रिल, शनिवार. सकाळ ६

धीर सोडायचा नाही. सौ.साठी पद्धतशीर कार्यक्रम आखला. सकाळी दोन अंडी, अर्धा शेर दूध, खजूर चार, दुपारी मासे, लोखंडाच्या गोळ्या तीन वेळा, लिव्हरचं इंजेक्शन एक दिवसाआड, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावणे. नवीन तक्ता भिंतीला लावला, जुन्यावर.

तिला अंडं भरवलं. चावणं मोजत होतो. नवव्याला तिनं गिळलं. म्हणाली, मोजा नको. माका लाज वाटता.

१२ एप्रिल, बुधवार

सातवा दिवस. सकाळी तिला धाप लागली, ओठ निळसर. विमला माझ्या हाताला धरून उभी. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, तासभर बसले. त्या तासात मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. पाळलं नाही तर वहीत पुरावा नको.

दुपारी दोनला तिनं डोळे उघडले आणि भाताला आधण ठेवलंत काय, असं विचारलं. नव्हतं ठेवलं. पुन्हा बघायला आलेल्या डॉक्टरांनी घाम पुसला. म्हणाले, आता भीती कमी.

मी परसात जाऊन रडलो. गोदूबाईनं बघितलं. वळून आत गेली, सौ.च्या उशाशी बसली.

२० एप्रिल, गुरुवार. सकाळ ९

सौ. उशीला टेकून बसते. दूध घेते. पावलांची सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, अंगात जरा ताकद आली की जंताचं औषध. तीन महिने विहीर नाही, चूल नाही. आणि चपला. चपला आणल्या. ती पलंगाखाली ठेवून नुसती बघते.

घर आता मी चालवतो. स्वयंपाक जमतो आहे. भात पहिल्या दिवशी करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा, तिसऱ्या दिवशी दोन्ही. पण पाणी! बायका पाण्याचा किती बाऊ करतात. मी पहाटे, म्हणजे सव्वासातला, दोन कळश्या आणतो. परसातलं पिंप भरलेलं असतं, दिवसभर पुरतं. दोन कळश्यांचं काम! पद्धत असली की काय होत नाही. नानांना सांगितलं. नाना खोकले.

५ मे, शुक्रवार

सौ. छत्तीस किलो. जिभेला रंग येतोय. काल सुकटाची चटणी मागून घेतली. भूक लागता, असं म्हणाली आणि स्वतःच दचकली.

पाणी भरणे चालू. रोज दोन कळश्या. माझ्या पोटऱ्या घट्ट झाल्यात. धोतर सैल वाटतं. मी तर म्हणतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलं त्यापेक्षा हे उत्तम. सौ.लाही म्हटलं, एवढंसं तर काम आहे, तू उगाच दमायचीस. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

१९ मे, शुक्रवार

परवा बुधवारी मला त्रेचाळीस पूर्ण झाली. आज कचेरीत तारीख घालताना लक्षात आलं. घाबरायला बसलो, तेवढ्यात विमला कचेरीत सांगत आली की आई दारापर्यंत स्वतः चालत गेली. राहून गेलं.

२१ मे, रविवार. सकाळ ११.४०

ओसरीवर आडवा पडून लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

गोदूबाई काल तळेऱ्याला लेकीकडे गेली, लग्नाला. आज सव्वासातला माझ्या दोन कळश्या आणून पिंपात ओतल्या तर तळाला खळखळ आवाज. पिंप कोरडं. मला वाटलं, फुटलं. उलटंसुलटं करून बघितलं. फुटलेलं नव्हतं.

विमलाला विचारलं. तिनं आतल्या खोलीकडे बघितलं. सौ.नं आतून सांगितलं. गोदूबाई रोज पहाटे, मासे आणायला जायच्या आधी, पिंप भरून जाते. पहिल्या दिवसापासून. तुमका सांगू नको म्हणाली, सायबाक बरां वाटता तर वाटू दे.

 म्हटलं, किती लागतात? चौदा, सौ. म्हणाली. आणि उठली, चपला पायात सरकवल्या, कळशीकडे हात केला. मी ओरडलो. ती म्हणाली, मगे पाणी हाडतलो कोण? मी म्हटलं, मी.

मेच्या उन्हात विहीर तळाला गेली आहे. दोर पुरा सोडावा लागतो. कळशी वर येते ती पाऊणच. पाचव्या खेपेला कळशी कट्ट्यावर टेकवली. सातवीला घाटीवर मध्येच बसलो. आठवीला कळशी खांद्यावरून सुटली, पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. बाजारातून येणारे नाना वर उभे होते. मला वाटलं, जवान म्हणून ओरडतील. ते खाली आले, रिकामी कळशी उचलून माझ्या हातात दिली आणि गेले.

चौदा झाल्या. अकरा पंचवीसला. अंग घामानं भिजलंय, छाती धडधडते.  सौ.नं विमलाकरवी सोलांची कढी पाठवली. प्यालो. जरा अभिमानही वाटला, खरं लिहायचं ठरलंय ना. विमलाला म्हटलं, झालं बघ, दिवसाचं पाणी झालं.

ती म्हणाली, बाबा, ही सकाळची. तिन्हीसांजेची वेगळी, तीय गोदूबाईच भरता, तुम्ही येवच्या आधी.

तिन्हीसांजेला किती?

चौदाच, म्हणाली.

रोज?

तिनं माझ्या हातातलं भांडं घेतलं, आणि विसळायला पिंपातलं पाणी घेताना मला दिसेल असं, अगदी थोडं घेतलं.